न भरणारा फोड आणि लेश्मानियासिसचं निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनोनमहिने न भरणाऱ्या एका फोडाबद्दल लोक मला जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांत आखातातून सुट्टीवर आलेले कोकणी लोक आहेत, राजस्थानात नोकरी केलेले जवान आणि त्यांच्या घरची माणसं आहेत, बिहारमधून आलेले बांधकाम मजूर आहेत, तरुण डॉक्टर आणि लॅबमधले तंत्रज्ञही आहेत. याची तपासणी फारशी अवघड नाही. पण आपल्या भागात हा आजार कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि तिथेच निदान हुकतं. म्हणून खालची बरीच उत्तरं तुम्ही स्वतः डॉक्टरांना काय सांगायचं, याकडेच वळतात.

१. हा नेमका कसला आजार आहे? डास चावल्याने होतो का?

डासाने नाही, सँडफ्लायने. हिंदी पट्ट्यात तिला बालू मक्खी म्हणतात, आपल्याकडे वाळूमाशी. ती २ ते ३ मिलिमीटरची, म्हणजे डासाच्या साधारण एक तृतीयांश असते. ती गुणगुणत नाही, त्यामुळे चावली तरी कळत नाही. फार उंच उडत नाही, उड्या मारल्यासारखी सरकते आणि बसली की पंख उभे ठेवते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत येते. नावात वाळू असली तरी तिचं घर भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे, उंदरांची बिळं, शेणमातीचा ओलावा अशा जागी असतं. साचलेल्या पाण्याशी तिचा संबंध नाही.

मादी रक्त पिताना लेश्मानिया नावाचा एकपेशीय परजीवी त्वचेत सोडते. तो त्वचेतच राहिला तर फोड आणि व्रण होतो. हा त्वचेचा लेश्मानियासिस. याच कुळातला दुसरा परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत शिरतो, त्याला काळा आजार म्हणतात. दोन्हींत गल्लत करू नका. त्वचेच्या आजाराने सहसा ताप येत नाही, वजन उतरत नाही, जीव जात नाही. पण चेहऱ्यावर जन्मभराचा व्रण राहू शकतो आणि तोही काही लहान त्रास नाही.

२. महाराष्ट्रात हा होतो का?

महाराष्ट्र या आजाराचा नेहमीचा प्रदेश नाही. भारतात तो प्रामुख्याने राजस्थानात, विशेषतः बिकानेरच्या बाजूला, आणि हिमाचलात सतलज खोऱ्यात, म्हणजे किन्नौर, शिमला, कुल्लू या भागांत आढळतो. केरळात अगस्त्यमलाईच्या जंगलातल्या कानी आदिवासींमध्येही रुग्ण सापडले आहेत. देशाबाहेर अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, सौदी अरेबिया, अल्जीरिया आणि ब्राझील, पेरू, कोलंबिया हे दक्षिण अमेरिकी देश यांत त्याचा जोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना त्वचेचा लेश्मानियासिस नव्याने होतो.

सँडफ्लाय मात्र आपल्याला अनोळखी नाही. चांदीपुरा विषाणू १९६५ साली ज्या गावात सापडला आणि ज्याचं नाव त्याला मिळालं, ते चांदीपुरा नागपूर जिल्ह्यातलं. तो विषाणूही सँडफ्लायच पसरवते. म्हणजे माशी इथे आहे. त्वचेच्या लेश्मानियासिसचे आपल्याला दिसणारे रुग्ण मात्र बहुतेक बाहेरून आजार घेऊन आलेले असतात. त्यामुळे ‘मी कधी गावाबाहेर गेलोच नाही’ असं कुणी सांगितलं, तर मी आधी दुसऱ्या आजारांचा विचार करतो.

३. साधं गळू आणि हे, फरक कसा ओळखायचा?

गळू दुखतं, गरम लागतं, चार-सहा दिवसांत पिकतं आणि फुटतं. लेश्मानियाचा फोड याच्या बरोबर उलटा. आधी उघड्या अंगावर, म्हणजे गाल, नाक, कान, मनगट, घोटा अशा जागी डास चावल्यासारखी लाल पुटकुळी येते. ती जात नाही. काही आठवड्यांत तिची घट्ट गाठ होते, मध्यभाग खचतो आणि त्यावर खपली धरते. कडा उंच, जाड आणि कडक राहते. ज्वालामुखीचं तोंड डोळ्यापुढे आणा, चित्र तेच. आणि दुखत नाही. बरेच रुग्ण याच कारणाने महिनोनमहिने दुर्लक्ष करतात.

खपली ओली असेल, पू असेल, तर वर जिवाणूंची बाधाही झालेली असू शकते. प्रतिजैविकाने पू जातो, गाठ तशीच राहते. प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण करूनही फोड हलला नाही, हीच मोठी खूण समजा. एकच फोड असेल असं नाही. एका रात्रीत चार-पाच ठिकाणी चावे बसले तर चार-पाच फोड येतात.

४. मला परत येऊन पाच महिने झाले. आता तिकडचा आजार कसा असेल?

असू शकतो. चावल्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. सौदी किंवा इराणच्या वाळवंटी भागात आढळणारी जात, लेश्मानिया मेजर, साधारणपणे लवकर फोड आणते. बिकानेर, काबूल, अलेप्पो इथे आढळणारी लेश्मानिया ट्रॉपिका बराच वेळ घेते, आठ महिनेही. म्हणून डॉक्टरांना गेल्या महिन्याचा नको, किमान गेल्या वर्ष-दीड वर्षाचा प्रवास सांगा.

रत्नागिरीकडचा एक सुतार आठवतो. सौदीतल्या अल-अहसाच्या खजुराच्या बागांजवळ त्याने दोन वर्षं काम केलं होतं. गावी आल्यावर सणासुदीत त्याच्या मनगटावर पुटकुळी आली. लाकडाची साल टोचली असेल असं घरच्यांनी ठरवलं आणि हळदीचा लेप सुरू झाला. तीन डॉक्टरांनी तीन औषधं दिली. चौथ्या वेळी त्याने हात पुढे केला तेव्हा मी फक्त विचारलं, ‘गेल्या वर्षी झोपायचात कुठे?’ तो म्हणाला, ‘उघड्यावर, खोलीत एसी नव्हता.’ निदानाची अर्धी वाट तिथेच संपली होती.

५. डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं काय सांगू?

हे चार तपशील कागदावर लिहूनच न्या. फोड पहिल्यांदा कधी दिसला (अंदाजे महिना चालेल). त्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात कुठे राहिलात, गावाच्या नावासकट. रात्री कुठे झोपत होतात, जमिनीवर, गच्चीवर, बराकीत की गोठ्याशेजारी. आणि आतापर्यंत काय काय लावलं किंवा खाल्लं, घरगुती लेपासकट. फोडाचे जुने फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही दाखवा. पुटकुळीपासून खपलीपर्यंतचा प्रवास फोटोंत दिसला की माझं काम निम्मं होतं.

६. तपासणी कशी करतात? दुखतं का?

पहिली आणि सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे स्मिअर. फोडाची कडा स्वच्छ करून सुकू देतात. मग अंगठा आणि तर्जनीने ती इतकी दाबतात की रक्त हटून कातडी पांढरी पडते. धारदार पात्याने काही मिलिमीटरची बारीक चीर देतात आणि पात्याच्या धारेने आतला रस खरवडून काचपट्टीवर पसरतात. रक्त कमी आणि पेशींचा रस जास्त, असा नमुना हवा. टोचल्यासारखं वाटतं, पण मिनिटभरात आटोपतं. जागा नाजूक असेल तर बधिर करतात.

नमुना कडेचा हवा, मधल्या खपलीचा नव्हे. मध्यभागी मेलेल्या पेशी आणि जिवाणू, परजीवी कडेला. माझ्याकडे आलेल्या ‘काही सापडलं नाही’ अशा रिपोर्टांपैकी कितीतरी नुसत्या खपलीचे असतात.

हा स्मिअर आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हातचा आहे, कारण कुष्ठरोगासाठी ते असाच नमुना वर्षानुवर्षं घेत आले आहेत. फरक फक्त रंगाचा. कुष्ठरोगाच्या जंतूंसाठी झील-नीलसनचा रंग लागतो, लेश्मानियासाठी गिम्सा किंवा लेश्मनचा. चिठ्ठीवर ‘स्किन स्मिअर’ एवढंच लिहिलं की लॅबवाला सवयीने कुष्ठरोगाचा रंग करतो आणि परजीवी समोर असूनही नजरेतून सुटतो. म्हणून चिठ्ठीवर ‘लेश्मानियासाठी, गिम्सा’ हे शब्द आहेत का, तुम्हीही पाहा.

७. सूक्ष्मदर्शकाखाली काय शोधतात?

अमास्टिगोट, म्हणजे परजीवीचं माणसाच्या शरीरातलं रूप. ते गोल किंवा लंबगोल असतं, २ ते ४ मायक्रॉनचं, शंभरपट भिंगाखाली तेल घालून दिसणारं. मॅक्रोफेज नावाच्या पेशीच्या पोटात ते दाटीने बसलेलं असतं. आत दोन ठिपके शोधायचे. एक मोठं केंद्रक, आणि त्याच्याशेजारी गडद काडीसारखा कायनेटोप्लास्ट. ही काडी दिसली तरच लेश्मानिया म्हणायचं. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी आकाराने जवळपास अशीच दिसते, पण तिला काडी नसते. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेटही नवशिक्याला फसवते.

हे ठिपके सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पाहिले जात आहेत. कोलकात्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी १८८५ मध्ये ‘दिल्ली फोड’ म्हणजे याच आजाराच्या नमुन्यात विचित्र कण पाहून त्यांचं वर्णन केलं. ताश्कंदमध्ये बोरोव्हस्की यांनी १८९८ मध्ये ते परजीवी म्हणून ओळखले. जेम्स रायट यांनी १९०३ मध्ये बोस्टनमधल्या एका रुग्णाच्या फोडातून त्यांचं सविस्तर वर्णन केलं. तंत्र फारसं बदललेलं नाही, म्हणून चांगला सूक्ष्मदर्शक असलेली जिल्हा पातळीची लॅबही ते करू शकते.

८. स्मिअर निगेटिव्ह आला. म्हणजे हा आजार नाही ना?

एवढ्यावर सुटका नाही. नवीन, दोन-तीन महिन्यांच्या फोडात परजीवी भरपूर असतात आणि स्मिअर चांगला लागतो. जसजसा फोड जुना होतो, तसतशी शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना मारत जाते. सहा महिन्यांनंतर ते इतके विरळ होतात की काचपट्टीवर सापडणं नशिबावर राहतं. संशय दाट असेल तर स्मिअर दुसऱ्या बाजूच्या कडेवरून पुन्हा घ्यावा, सोबत बायोप्सी आणि जमलं तर पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करावं. एकाच कोऱ्या काचपट्टीवर ‘नाही’ म्हणून फाइल बंद करू नये, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो. उलट पॉझिटिव्ह आला, कायनेटोप्लास्ट स्पष्ट दिसला, तर निदान पक्कं.

९. बायोप्सी कशासाठी? कॅन्सर आहे का?

नाव ऐकून घाबरू नका. ३ ते ४ मिलिमीटरचा गोल तुकडा कडेतून काढतात, एखादा टाका पडतो. त्यात परजीवी दिसले तर उत्तमच, नाही दिसले तरी दुसरा कोणता आजार आहे हे कळतं. त्वचेचा क्षयरोग, बुरशी, कुष्ठरोग, त्वचेचा कर्करोग यांची शंका एकाच तुकड्याने मिटू शकते.

इथे मात्र एक चूक फार होते. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो. फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून परजीवी वाढवता येत नाहीत आणि पीसीआरही नीट लागत नाही. तुकडा काढण्याआधीच ठरवायचं की थोडा भाग फॉर्मेलिनमध्ये, थोडा अल्कोहोलमध्ये किंवा लॅब सांगेल तशा द्रवात. शक्य असेल तर त्याच तुकड्याचा कापलेला भाग काचपट्टीवर टेकवून ठसाही घ्यावा. रुग्णाला दुसरी चीर देण्यापेक्षा हे किती सोपं.

१०. थेट पीसीआर का करत नाहीत?

पीसीआर सर्वांत संवेदनशील आहे, विरळ परजीवी असलेल्या जुन्या फोडातही ते सापडवतं. पण ते सगळीकडे मिळत नाही, खर्चिक आहे, आणि नमुना कसा घेतला यावर त्याचं यश ठरतं. त्याचा खरा फायदा म्हणजे जात कळते. सौदीहून आलेल्याला मेजर की ट्रॉपिका, हे कळलं तर फोड किती काळ राहील आणि औषध किती जोराचं लागेल याचा अंदाज येतो. ब्राझील, पेरू किंवा बोलिव्हियाहून आलेल्याच्या बाबतीत जात कळणं जास्त महत्त्वाचं आहे, त्याबद्दल प्रश्न १७ पाहा. एनएनएन या रक्तमिश्रित माध्यमात परजीवी वाढवूनही जात ओळखता येते, पण त्याला आठवडे लागतात आणि जिवाणू शिरले तर सगळं वाया जातं.

११. रक्त तपासून नाही का कळणार? बिहारमध्ये बोटाच्या रक्ताची पट्टी लावतात.

ती पट्टी, म्हणजे आरके३९, काळ्या आजारासाठी आहे. काळ्या आजारात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात भरपूर असतात, म्हणून ती चालते. त्वचेच्या आजारात प्रतिपिंडं फार कमी, कधी नसतातच. म्हणून ती निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ काही नाही. फोडाच्या नमुन्यावर लावायची वेगळी झटपट पट्टीही निघाली आहे. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आली तर ठेवू नये.

१२. मेडिकलमधून ट्यूब घेऊन लावली होती. फरक पडतो का?

पडतो. खाज, बुरशी आणि जंतू सगळ्यांवर ‘एकच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, कडा मऊ पडते, दिसणं बदलतं आणि परजीवीला मोकळं रान मिळतं. डॉक्टरला मग फोडाचं खरं रूपच दिसत नाही. तपासणीआधी ट्यूब बंद करायची का, किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारा. ट्यूबचं वेष्टन मात्र घेऊन जा. नाव आठवत नाही असं निम्मे लोक म्हणतात.

१३. डॉक्टर कुष्ठरोग म्हणाले. आता घरात बोभाटा झालाय.

ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. फोडाचं निदान चुकलं तर औषध चुकतं. कुष्ठरोगाचा शिक्का मात्र अजूनही आपल्या गावांत माणसाला एकटं पाडतो. कुष्ठरोग बरा होतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. आणि चुकीचं निदान कुणाच्याही माथी मारू नये, हेही तितकंच खरं.

फरक तपासता येतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श, गरम-थंड, टोचणं बहुतेकदा कळत नाही, कोपराजवळची किंवा कानामागची नस जाड लागते. लेश्मानियाच्या फोडावर संवेदना शाबूत असते. कापसाचं टोक फिरवून बघायला एक मिनिट लागतं. गाठी असलेल्या, भरपूर जंतू असलेल्या कुष्ठरोगात संवेदना टिकूनही असू शकते, म्हणून शेवटचा शब्द स्मिअरचा (दोन्ही रंगांचा, प्रश्न ६ पाहा).

१४. बिहारमध्ये काळा आजार होऊन बरा झालो. आता तोंडावर आणि पाठीवर पांढरट डाग आलेत. ही तीच गोष्ट का?

ही त्याच परजीवीची, पण वेगळी अवस्था आहे. काळ्या आजारानंतरचा त्वचारोग म्हणतात तिला. उपचारानंतर काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत केव्हाही दिसते. सुरुवात सहसा तोंडाभोवती, हनुवटीवर फिकट डागांनी होते, पुढे गाठीही येतात. व्रण होत नाहीत, खाज नसते, संवेदना शाबूत असते. कोड आणि कुष्ठरोग दोन्हींशी गल्लत होते. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर बिहार, झारखंड, पश्चिम बंगालमधून आलेल्या मजुरांमध्ये हे डोक्यात ठेवलं पाहिजे.

इथे आरके३९ फसवू शकते, कारण जुना काळा आजार झाला असेल तर ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. फिकट डागातून परजीवी सापडणं कठीण, गाठीतून सोपं, म्हणून गाठ असेल तर नमुना तिथूनच घ्यावा. काही रुग्णांना आधी काळा आजार झाल्याचं आठवतच नाही, तेव्हा ‘तुम्हाला कधी लांबलेला ताप आला होता का’ असं विचारा. याचं औषध लांबलचक असतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं लागतं. उपचार टाळले तर सँडफ्लाय अशा माणसाला चावून आजार पुढे नेते, म्हणून हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

१५. कुल्लूहून आल्यावर हातावर एका ओळीत गाठी उठल्या. पहिली मनगटावर, मग वर वर. हे लेश्मानियाच ना?

असूही शकतं, पण हिमाचलात दुसरा दावेदार जबरदस्त आहे. स्पोरोट्रायकोसिस या आजाराची बुरशी मातीतून, काट्यातून, गवताच्या पात्यातून शिरते आणि लसिकावाहिन्यांच्या रेषेत गाठी उठवते. लेश्मानियाही कधी कधी हुबेहूब तसंच दिसतो. दोन्ही आजार एकाच खोऱ्यात आहेत. डोळ्यांनी ठरवू नका. कडेच्या स्मिअरसोबत बुरशीसाठी वेगळा नमुना सब्युरो माध्यमावर लावायला सांगा. हिमाचलातल्या त्वचेच्या लेश्मानियात लेश्मानिया डोनोवानीही सापडली आहे, ती जात मुळात काळ्या आजाराची. म्हणून इथे जात कळली तर बरं.

१६. दोन वर्षांपूर्वीचा फोड भरला होता. आता त्याच व्रणाच्या कडेला बारीक लालसर पुटकुळ्या येतायत.

ट्रॉपिकाचा हा जुना खेळ आहे. जुन्या व्रणाच्या कडेला वर्षांनंतर नवीन पुटकुळ्या उगवतात, मध्य भरलेला असतो. काच दाबून पाहिलं तर सफरचंदाच्या मुरब्ब्यासारखा पिवळसर-तांबूस रंग दिसतो. त्वचेच्या क्षयरोगातही तेच चिन्ह. त्यात परजीवी इतके कमी की स्मिअर बहुतेक कोरा जातो. पीसीआरशिवाय, आणि क्षयरोगाची तपासणी सोबत केल्याशिवाय, महिनोनमहिने चालणारी क्षयरोगाची औषधं सुरू करण्याची घाई होऊ नये. जुना फोटो, जुना रिपोर्ट इथे सोन्याच्या मोलाचा.

१७. दक्षिण अमेरिकेत प्रोजेक्टवर होतो. फोड भरला, पण आता नाक सतत चोंदलेलं असतं आणि रक्त येतं.

हे ताबडतोब नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि प्रवासाचा इतिहास त्यांच्यापुढे पहिल्यांदा मांडा. तिकडच्या लेश्मानिया ब्राझिलिएन्सिससारख्या जाती फोड भरल्यानंतर महिन्यांनी, वर्षांनीही नाकाच्या आतल्या पडद्यावर हल्ला करू शकतात. तिथे बायोप्सी आणि पीसीआर दोन्ही हवीत, आणि उपचार वेगळे, पोटातून किंवा शिरेतून. याच कारणाने तिकडून आलेल्या माणसाच्या फोडाला ‘आपोआप बरा होईल’ असं मी कधीच म्हणत नाही.

१८. घरच्यांना लागेल का? मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर?

एकत्र जेवल्याने, शेजारी झोपल्याने, टॉवेलने पसरत नाही. मधुमेहात फोड उशिरा भरतो आणि मधुमेही व्रण समजून मलमपट्टीच चालू राहते. एचआयव्ही असलेल्यांत फोड अनेक, विचित्र आकाराचे असू शकतात. गंमत म्हणजे, त्यांच्यात परजीवी जास्त असल्याने स्मिअर उलट लवकर लागतो. गरोदर बाईने औषधाआधी गरोदरपण सांगितलंच पाहिजे, कारण लेश्मानियावरचं मिल्टेफोसिन हे औषध गर्भाला घातक आहे.

१९. निदान पक्कं झालं. लगेच औषध घ्यावंच लागेल का?

नेहमी नाही. मेजरमुळे झालेला एखादा लहान फोड काही महिन्यांत स्वतःही भरतो. चेहऱ्यावर असेल, सांध्यावर असेल, अनेक असतील, ट्रॉपिका असेल, तर उपचार करावा. औषध फोडातच टोचण्यापासून फोडाला उष्णता देण्यापर्यंत पर्याय आहेत, निवड जात आणि जागा पाहून होते. फोड भरला की काम संपलं असं मात्र समजू नका, सहा महिने ते वर्षभर व्रणाची कडा तपासून घ्या.

२०. सुट्टी संपत आली, परत आखातात जायचंय. काय सोबत न्यावं?

रिपोर्टची प्रत आणि जमल्यास रंगवलेली काचपट्टी. दवाखान्याकडून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून पाहा. तिकडच्या डॉक्टरांना या दोन-तीन वस्तू हातात मिळाल्या, तर चाचण्यांचा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागत नाही.